तुम्ही गिळलेलं अक्षर

आप्पा, आपलं भांडण अर्धं टाकून गेलात हे काही बरं नाही केलंत. जायचंच होतं तर आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. ते उत्तर मला काल मिळालं, तुमच्या बायकोकडून, गंगव्वाकडून, आणि तेही तुम्हाला नेल्यावर चौथ्या दिवशी. तेव्हापासून माझा हात मागावर चालत नाही. रडू येतं, मध्येच हसू येतं, आणि मग तुमचा असा राग येतो की आपल्या मधल्या भिंतीवर हातातला धोटा फेकून मारावासा वाटतो.

तुमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात. आमच्या दारावरून तुम्हाला नेलं तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते. मांडी घातलेली, कपाळभर विभूती, मान जरा पुढं. सहा महिने अंथरुणाला खिळलेला माणूस पुन्हा मागावर बसलाय असंच वाटलं मला. तोंडून निघून गेलं, “आप्पा, सुताची कांडी भरून देऊ का?” गल्लीतल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. बघू देत.

पण मला बोलायचंय ते आदल्या संध्याकाळचं. दिवेलागणीला मी माग थांबवला आणि तुमच्या शब्दाची वाट बघत बसले. अकरा वर्षांची सवय. आपली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नाही, वरची कौलं दोन्ही घरांना एकच, त्यामुळं तुमचा खोकलासुद्धा आमच्या घरात येऊन बसायचा. शब्द आला. पण त्या दिवशी त्याला शेपूट होतं. रोज ‘ब्येस’ म्हणायचात, त्या दिवशी ‘ब्यासर’ म्हणालात. अगदी स्वच्छ, र सकट.

एवढ्या वर्षांत मला कानडी यायला लागलीय. ब्यासर म्हणजे कंटाळा, जीव विटणं. म्हटलं, दुखण्यानं जीव विटला असेल माणसाचा. मी दिवा लावला आणि चुलीकडं गेले. पहाटे तुम्ही गेलात. चार दिवस तो र माझ्या कानातून निघेना.

आता जे सांगते ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मी माझ्या बाजूनं सांगते. भिंतीच्या तुमच्या बाजूनं ते अगदीच निराळं होतं, हे मला कालच कळलंय.

अकरा वर्षांपूर्वी पिरनवाडीच्या उतारावर गाडी उलटली आणि ह्यांचा उजवा हात चाकाखाली सापडला. हाड बसलं, पण बोटं मिटेनात. ज्या हातानं आडव्या सुताचा धोटा फेकायचा तो हात पोटाशी धरून हे भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. कुणाशी बोलणं नाही. शहापुरात माग बंद पडलेलं घर लपत नाही, आवाजच बंद होतो. पंधरा दिवसांत थोरले दीर वडगावहून आले. सरळ माणूस, पण बोलणं असं की ऐकणाऱ्यानं खाली बघावं.

“रिकामा माग ठिवून काय उपेग?” ते म्हणाले. “अमुशेला आमचं माग बंद असत्यात, तवा गाडी घिऊन येतो. माग खोलून न्हेतो. तू बी चल माझ्यासंगट, ओसरीवर पड. हिला धाड मच्छ्याला बापाकडं. सुगी हाय, चार हात लागत्यात तिकडं.”

म्हणजे माग वडगावला, नवरा थोरल्याच्या ओसरीवर आणि मी मच्छ्याला भुईमूग उपटायला. एका वाक्यात माझं घर तीन ठिकाणी वाटून झालं. हे भिंतीकडंच बघत होते. मला काय झालं कुणास ठाऊक, म्हणाले, “मी बसते मागावर.”

आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कपाळावर हात मारला. “अगं, कांड्या भरनं येगळं आनि मागावर बसनं येगळं. तुझ्या बापानं माग मोडून नांगर धरला, आनि तू लुगडं इनतीस व्हय?”

दीर हसले नाहीत, एवढं खरं. ते म्हणाले, “बस. अमुशेला लुगडी घेनाऱ्या दुकानच्या दिवाणजीस्नी संगं आनतो. एक लुगडं दाव. त्यास्नी पसंत पडलं तर माग हितंच. न्हाय पडलं तर गाडी दारात हाय.”

अमुशेला, म्हणजे अमावास्येला, वीस दिवस होते. तुमच्यासारख्याचं चार दिवसांचं काम. मला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्यावर पाय कुठले आणि पायानं दाबायच्या पावड्या कुठल्या हेच कळेना. धोटा ताण्याच्या उभ्या तारांमधून पलीकडं जायच्याऐवजी खाली पडायचा. तुमच्या बाजूनं खट खट खट असा आवाज यायचा, दिवसभर, एका चालीवर, आणि माझ्याकडून खट… मग काहीच नाही… मग परत खट. मला लाज वाटायची. भिंतीपलीकडचा म्हातारा नामांकित हात, कडक तोंडाचा, मराठी बोलत नाही, कुणाच्या ओट्यावर बसत नाही. हा माणूस दिवसभर माझं तुटकं काम ऐकतोय, या विचारानंच हात घामेजून जायचा.

पहिल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत माझं चार बोटं कापड झालं होतं. चार बोटं! आत्तींनी बघितलं आणि घागर उचलून पाणी आणायला गेल्या. मी खड्ड्यातच बसून राहिले. तुमचा माग थांबला. आणि भिंतीवरून तुमचा जाड आवाज आला, “ब्येस.”

आमच्या मच्छ्यात चांगलं झालं की ‘लई ब्येस’ म्हणतात. माझा बाप वैरणीचा भारा नीट बांधला तरी ‘ब्येस’ म्हणायचा. मी दचकून वर बघितलं, जसं काही तुम्ही कौलांतून डोकावताय. म्हटलं, कर्म माझं, एवढा मोठा कारागीर मला ब्येस म्हणतोय! त्या दिवशी भाकरी गोड लागली, आप्पा. खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी वीतभर झालं. संध्याकाळी परत, “ब्येस.” मग माझं असं झालं की दिवसभर मी त्या एका शब्दासाठी विणायची. सून बसलीय हे शेजारी जाऊन सांगायचं धाडस नव्हतं, तुम्हाला विचारायचं तर त्याहून नव्हतं. हे पाठ करून पडलेले, आत्ती तोंड बांधून. अख्ख्या जगात मला बरं म्हणणारा एकच आवाज होता, आणि तो भिंतीवरून यायचा.

अमुशेच्या आदल्या दिवशी दुपारी पदराचं काम राहिलं होतं. हातभर. संध्याकाळपर्यंत होईल म्हणून मी उठून पाणी प्यायले, परत आले, आणि उजेडात मला तो पट्टा दिसला. पावडीचा पाय चुकला होता. काठापासून काठापर्यंत आडवी रेघ, आंधळ्यालाही दिसेल अशी. सकाळपासूनचं वीतभर काम त्या रेघेच्या पुढं होतं, म्हणजे तेवढं सगळं उकलायचं.

आत्तींनी बघितलं. त्या आत गेल्या आणि माझं गाठोडं बांधायला लागल्या. मला भांड्यांचा आवाज येत होता. माझी दोन लुगडी, माहेरचा तांब्या. हे पडल्या जागेवरून एकदा वळून बघून परत भिंतीकडं झाले. मागाच्या खांबाला कातरी टांगलेली असते. ती मी हातात घेतली. म्हटलं, उद्या दिवाणजी चारचौघांत नाव ठेवणार, त्यापेक्षा मीच ताणा कापून टाकते. विणता विणता ताणा कापला की अख्खं लुगडं वाया, ते तुम्हाला सांगायला नको. कातरीचं पातं सुतावर टेकलं होतं. दोन-तीन तारा तुटल्यासुद्धा.

आणि तुम्ही बोललात. भर दुपारी. तुम्ही दुपारी कधीच बोलत नव्हता.

“ब्येस!” त्या दिवशी तर जोरात, जवळजवळ ओरडून.

मी कातरी ठेवली. मग मी एकेक आडवी तार उकलायला घेतली. उकलणं विणण्यापेक्षा कठीण, सूत पिसतं, तुटतं. तुटलेल्या तारा सांधल्या. उकललेलं सूत मांडीवर गोळा होत होतं आणि गुंतत होतं. तेवढ्यात शेजारी कुणीतरी बसल्याचं कळलं. हे होते. महिनाभरानं उठून बसलेले. ते सूत ह्यांनी दातात धरलं आणि डाव्या हातानं कांडीवर गुंडाळायला लागले. दिवा लावून परत विणायला बसले, आणि उजाडायच्या आत पदर पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी दीर आले, बरोबर दिवाणजी, आणि दारात रिकामी गाडी. दिवाणजींनी लुगडं दाराच्या चौकटीत उजेडाला धरलं. काठावरून अंगठा फिरवत फिरवत वितीवितीनं पुढं सरकत होते. मी चुलीच्या खोलीच्या दाराआड. उकललेल्या जागी त्यांचा अंगठा थांबला.

“हितं काय झालं?”

मी दाराआड आणखी सरकले. मग हेच म्हणाले, “पाय चुकला तिचा. उकलून परत इनलं.”

“समदं उकललं?”

“वीतभर.”

दिवाणजींनी लुगडं खाली केलं. “काठ ओढलाय. हात कच्चा हाय,” ते म्हणाले, आणि माझा जीव गेला. “पर उकलायचा कटाळा न्हाय हिला. कच्चा हात पिकंल की. माग ऱ्हाऊ द्या हितंच.”

थोरले दीर गाडी रिकामीच घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, “इनतीस की गं.” एवढंच. आत्ती गाठोडं सोडत होत्या आणि नाक पुसत होत्या.

त्या संध्याकाळी मी गव्हाच्या खिरीची वाटी घेऊन पहिल्यांदा तुमच्या घरी आले. आठवतंय ना? तुम्ही ओट्यावर विड्याचं पान पुसत बसला होता. मी वाटी ठेवून पाया पडले आणि म्हणाले, “आप्पा, तुमी रोज ब्येस म्हनला म्हनून झालं. काल दुपारी तुमी बोलला नसता, तर मी ताना कापला हुता.”

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मला वाटलं, चुकीचं काही बोलले. गंगव्वा काहीतरी सांगायला पुढं झाल्या. तुम्ही त्यांच्याकडं हात केलात. “सुम्मनिर,” म्हणालात. गप बस. मग माझ्याकडं वळून, जरा अडखळत, माझ्यामागून घोकल्यासारखं, “ब्येस.” मला वाटलं, मोठी माणसं, कौतुकाला लाजतात.

हे सगळं मी काल गंगव्वाला आठवण म्हणून सांगत होते. त्यांच्या डोळ्यांना चार दिवसांत पाणी आलं नव्हतं. बसून होत्या नुसत्या, कांड्या भरायच्या चरक्याला हात नाही, पोटात अन्न नाही. बोलता बोलता मी विचारलं, “अव्वा, शेवटच्या दिवशी आप्पा ब्यासर म्हनलं. कधी म्हनत नव्हतं. लई तरास हुता काय?”

गंगव्वा हसायला लागल्या, आप्पा. हसत हसतच रडायला लागल्या. मी घाबरले.

“कधी म्हनत न्हवतं?” त्या म्हणाल्या. “अगं येडे, जलमभर रोज सांजचं तेच म्हनायचं ते. माग थांबला की ब्यासर. तू त्यो निम्माच ऐकलास!”

मग सगळं बाहेर आलं. ते पहिले वीस दिवस तुम्ही मला काही म्हणतच नव्हता. मी पलीकडं बसलेय याच्याशी तुम्हाला देणंघेणंच नव्हतं. तुम्ही दमून स्वतःशी ब्यासर म्हणायचात, र तिकडंच कौलात कुठंतरी राहायचा, आणि उरलेलं मी माझ्या मराठी कानानं ब्येस म्हणून उचलायची. आणि ती दुपार! त्या दुपारी म्हणे तुमचाही ताणा गुंतला होता. सकाळपासून सुटत नव्हता. तुम्हीही तेव्हा हातातलं टाकून उठला होता. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं जिवाला विटलेली, आणि त्यातल्या एकाचा वैताग दुसरीला शाबासकी म्हणून लागू पडला.

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं ज्या शब्दावर मी उभी होते तो शब्द नव्हताच. मी उठून यायला निघाले. गंगव्वांनी माझा हात धरून खाली बसवलं.

“खीर ठिवून तू गेलीस ना,” त्या म्हणाल्या, “तवा मी ह्यास्नी समदं फोडून सांगितलं, की मराठीत ब्येस म्हंजे काय. ह्यांनी खीर खाल्ली न्हाय. बसून ऱ्हायले. मग मला इचारत्यात कसं, उद्या काय म्हनू? मी म्हनलं, र सोडा. जेवताना घोकत हुते गं. ब्येस, ब्येस. मला हसू आवरंना.”

“आनि मग ब्यासर?”

“त्यो कुटं जातोय? चुलीपुढं येऊन बसायचे आनि हळूच मला सांगायचे. पुरा. तुला ऐकू जाऊ नये म्हनून.”

आता सांगा, राग येईल की नाही? मी तुम्हाला काय काय बोलले होते! लढाईच्या दिवसांत ते जाडंभरडं सूत यायला लागलं, फेकीला एक तार तुटायची. त्या दिवशी माझं पाऊण वीत झालं नव्हतं आणि तुम्ही आपलं ठरल्यासारखं “ब्येस”. मी इकडून ओरडले होते, “काय ब्येस? दिसतंय का तुम्हाला? न बघता ब्येस म्हननं खोटं असतंय!” बारा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही बाराही दिवस वेळेवर शब्द टाकलात. तेराव्या दिवशी मी खमकेपणानं ओट्यावर आले आणि म्हणाले, एकदा उंबरा ओलांडून या, माझं लुगडं डोळ्यांनी बघा, खोट काढा, मग काय म्हणायचं ते म्हणा.

तुम्ही तुमच्या मोडक्या मराठीत म्हणालात, “कानाला दिसत्यं की.”

“काय दिसतंय कानाला?”

“डोळ्याला खोट दिसत्यं. कानाला येवडंच, पोरगी मागावर बसलीया.”

मला ते पटलं नाही. आजवर पटलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हाही मी हाच वाद काढला होता, आणि तुम्ही खोकत खोकत हात हलवून मला घालवून दिलंत. तुम्ही स्वतःच दमलेला असायचात आप्पा, पाठ धरलेली, डोळ्यांत पाणी, आणि तशात एक अक्षर गिळून उरलेलं मला द्यायचात. रोज. मी मात्र ते घेऊन वर तोंड करून विचारायची, की हे खरं कशावरून!

आणि मी तुम्हाला काय दिलं? अकरा वर्षांत एकदाही ब्येस म्हटलं नाही. तुमच्या हाताचं लुगडं अंगठीतून निघायचं, लग्नाघरची माणसं नाव घेऊन तुमचं काम मागायची, म्हणून वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय म्हणायचं. दमलेल्याला म्हणायचं होतं. ते सुचलंच नाही. शेवटच्या संध्याकाळी तुमच्यात र गिळायचीही ताकद उरली नसेल. की मला एकदा पुरा शब्द ऐकवायचा होता? गंगव्वांना विचारलं, त्यांना ठाऊक नाही. तुम्ही सांगायला नाही. आणि मी काय केलं, तर दिवा लावला आणि भाकरी थापायला गेले. भिंतीवरून एक शब्द टाकला असता तर माझं काय गेलं असतं?

आज पाचवा दिवस. दुपारी मी भाकरी आणि आमटी घेऊन गंगव्वाकडं गेले. चार घास खाल्ले त्यांनी. मी परत येऊन मागावर बसले. चाललं थोडं, थांबलं, परत थोडं. दिवेलागणीला तुमच्या घरातून चरक्याचा आवाज आला. एक फेरा. मग थांबला. मग अर्धा फेरा आणि सूत तुटल्यासारखं काहीतरी. मग बराच वेळ काही नाही.

मी माग थांबवला. घसा साफ केला. माझाच आवाज मला परका वाटत होता.

“ब्येस, अव्वा,” मी म्हणाले.

पलीकडून एकदम गंगव्वांचा रागीट, रडका आवाज आला, “काय ब्येस? सूत तुटलं हितं. दिसतंय का तुला?”

मी म्हणाले, “कानाला दिसतंय.”

नाक ओढल्याचं ऐकू आलं, बांगड्या वाजल्या, आणि मग चरका परत फिरायला लागला.